लाल पट्ट्यांची बाग

४ ऑक्टोबर

विगातीने आज मला दोन वह्या दिल्या. एकीत तिने स्वतः रकाने आखून आणलेत. तारीख, बागेत काय काम केलं, किती वेळ लागला, घरी काय आणलं. "तामोंग, रोज एवढं भरायचं," म्हणाली. पोर जावा बेटावरची, पण चार दिवसांत आमच्या गावासारखं तामोंग म्हणायला लागली. माझ्या सख्ख्या नातीला आजोबा म्हणायला त्याहून जास्त दिवस लागले होते. दुसरी वही कोरी आहे, पहिली भरली तर म्हणून. ती मी माझ्यासाठी ठेवून घेतली. रकान्यात न मावणारं बरंच काही असतं. ही वही तिला दाखवायची नाही.

ती विद्यापीठातून आली आहे आणि वर्षभर आमच्या बागेचा अभ्यास करणार आहे. राळेची उंच झाडं, मध्ये दुरियानची फळझाडं, त्याखाली कॉफी, खाली वेत आणि हळद. एकाच जमिनीत एवढे सगळे न भांडता कसे राहतात आणि लहान शेतकऱ्याचं घर त्यावर कसं चालतं, ते तिला आकड्यांत मांडायचं आहे. मी म्हटलं, "मलाच विचार पोरी, संध्याकाळपर्यंत सगळं सांगतो." ती म्हणाली, "तुम्हाला विचारणारच आहे. पण झाडांनाही विचारायला हवं ना." उत्तर आवडलं मला. घरी येऊन बायकोला, रोहायाला सांगितलं तर ती म्हणते, "बरंय. झाडं तुमच्यापेक्षा कमी बोलतात, तिचं काम लवकर उरकेल."

७ ऑक्टोबर

दिवसभर मोजणी. विगाती प्रत्येक झाडाला फीत गुंडाळते, घेर लिहून घेते आणि छातीच्या उंचीवर ब्रशने लाल पट्टा ओढून त्यावर आकडा घालते. रंगाचा डबा मी धरला होता. पायाला सात जळवा लागल्या तिच्या. एकदाही किंचाळली नाही, फक्त जावाच्या भाषेत जळवांशी काहीतरी बोलली. ते चांगलं नसावं.

पन्नास झाडं झाली. शेवटच्या दहांना मी स्वतः पट्टे ओढले. हात अजून थरथरत नाही, हे रकान्यात लिहायचं राहिलं.

१६ ऑक्टोबर

चुलतभाऊ हसबुल्ला आला. बसला नाही. कॉफी पुढे केली तर कपाकडे बघितलंही नाही.

"किती झाडं दिलीस?" म्हणाला.

"कुणाला?"

"ते तूच सांग. बसमधून दिसतात पट्टे. सगळा बाजार बोलतोय."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. आमच्याकडे लाकडाचा व्यापारी झाड विकत घेतो तेव्हा त्याला लाल पट्टा ओढतो. शेंबड्या पोराला ठाऊक असलेली गोष्ट. आणि मी सत्तरीचा बाप्या, स्वतःच्या हाताने डबा धरून आठवडाभर स्वतःच्याच बागेला पट्टे ओढत फिरलो. माझ्याबद्दल कुणी असं मनात आणेल, हेच मला सुचलं नाही.

अभ्यासाचं सांगितलं. हसबुल्ला म्हणाला, "अभ्यासाला पांढरा रंग चालत नाही का?" त्याचा राग खोटा नाही. बाग आजोबांनी लावलेली. थोरल्याच्या हाती येते, म्हणून माझ्या हाती आली. पण हाती येणं म्हणजे मालकी नव्हे. कुणाचं छप्पर गळलं, कुणाची मुलगी लग्नाची झाली की याच बागेची राळ निघते. ती विकायचा हक्क माझ्या बापालाही नव्हता.

जाताना कॉफी मात्र उभ्याउभ्या एका घोटात पिऊन गेला.

२१ ऑक्टोबर

विगाती फार ओशाळली आहे. दुकानात लालच रंग शिल्लक होता, म्हणते. पांढऱ्याचा डबा मागवून सगळे पट्टे बदलून देते म्हणाली. पण रोहाया मध्ये पडली. "आता पाऊस सुरू झालाय, ओल्या सालीवर रंग धरणार नाही. राहू दे." रोहायाला रंगातलं इतकं कळतं, हे मला पंचेचाळीस वर्षांत माहीत नव्हतं.

मी ओढ्यावर अंघोळीला गेलो असताना मर्झुकीचा फोन आला. ईदनंतर पहिलाच. आमचा थोरला, तंजुंग करांग शहरात मोटारसायकली दुरुस्त करतो. रोहायाने घेतला.

"काय म्हणाला?"

"विचारत होता, बाग विकली का म्हणून."

"मग? तू सांगितलंस ना?"

"म्हटलं, आवाज तुटतोय. आणि तुटलाच."

मी ओसरीवर बसून कॉफीत दुसरा चमचा साखर घातली तर जिला चुलीपाशी ऐकू येतं, तिला फोनवर ऐकू आलं नाही. फोनच बिघडला असणार. बाजारात दाखवायला हवा.

२ नोव्हेंबर

चमत्कारिक प्रकार. विगातीची सगळी झाडं आकड्याची आहेत, पण रस्त्याकडेच्या चौदा झाडांवर पट्टे आहेत आणि आकडा नाही. तिकडे तर ती अजून गेलीच नव्हती. पट्टे वाकडेतिकडे, कमरेच्या उंचीवर. बसमधून मात्र अगदी समोर येतात. शिवाय तिच्या डब्यातला रंग अर्ध्यावर आला आहे.

माझा संशय हसबुल्लाच्या पोरांवर आहे. मला आणखी खाली बघायला लावायचा बेत. रोहायाला बोललो तर म्हणाली, "उगाच कुणाच्या लेकरांवर आळ घेऊ नका, मर्झुकीचे बाबा." मोठं मन आहे तिचं. नखं लाल दिसली तिची. मिरच्या वाटत होते, म्हणाली.

१० नोव्हेंबर

आज विगातीने एक चित्र दाखवलं. बारीक झाडं डावीकडे, जाड उजवीकडे, आणि जितकी झाडं तितका उंच खांब. उजवीकडचे खांब ताठ उभे. मधले बरे. डावीकडे मात्र एक खुरटा खांब तेवढा.

"तामोंग, तुमच्या बागेत म्हातारी माणसं पुष्कळ आहेत," ती जपून बोलत होती. "कर्तीही आहेत. पोरं नाहीत."

"राळेच्या झाडाला खाच पाडून राळ काढण्याजोगं व्हायलाच वीस वर्षं लागतात. आमची लगीनघाई नसते."

"म्हणूनच सांगते. आज लावलं नाही तर तीस वर्षांनी इथे राळ देणारी झाडं निम्मीही नसतील. सगळ्या बागेत मिळून एकोणीस लहान झाडं सापडली. ओढ्याकाठी, एका ओळीत. ती कोणी लावली?"

"मीच," म्हणालो.

तिने लिहून घेतलं.

खोटं बोललो. ती झाडं मर्झुकीची आहेत. विशीत होता तेव्हा त्याने मला न विचारता चाळीस रोपं लावली होती. मी गेलो, वितीने अंतर मोजलं, आणि दाट लागली म्हणून एकाआड एक वीस रोपं उपटून काढली. हसबुल्ला होता, शेजारचे होते, सगळ्यांसमोर. तो ओढ्यात हात धूत उभा राहिला. एक शब्द बोलला नाही. पुढच्या महिन्यात शहरात गेला. माझं अंतर बरोबर होतं. बारा वर्षं झाली, अजून बरोबरच आहे.

त्यानंतर मी रोप लावलं नाही. विगाती विचारेल तर गुडघ्यांचं कारण सांगेन. तेही खरं आहे.

११ नोव्हेंबर

रकान्यांच्या वहीत आज काही भरलं नाही.

२४ नोव्हेंबर

लाकडाच्या व्यापाऱ्याची जीप दारात. कुठून तरी दक्षिणेकडून आलेला, बोलायला गोड. रस्त्यावरून पट्टे पाहिले, म्हणाला. कुणी आधीच घेतली असतील तर मी जास्त देतो. नुसती जाड झाडं द्या, कॉफी तुमची तुम्हाला.

मी नाही म्हणायला तोंड उघडलं आणि म्हणालो, "बघू. महिन्याभराने या."

तो गेला आणि मी बराच वेळ ओसरीवर बसून होतो. ज्या गोष्टीसाठी हसबुल्लाशी महिनाभर तोंड वाजवलं, तीच करायला निघालो होतो. पण खरं लिहायचं तर, डोळ्यांसमोर तो खुरटा खांब येतो. कुणासाठी राखायची? म्हातारी झाडं एकेक करून पडणार, मीही पडणार. मग निदान माझ्या हयातीत, चांगल्या दराने विकून, सगळ्या भावंडांत वाटून. असं म्हटलं की ते शहाणपणाचं वाटतं. रोहायाला सांगितलेलं नाही. ती मागच्या दारी होती, तिला काही ऐकू गेलं नसेल.

१३ डिसेंबर

मर्झुकी आला.

सकाळी रोहाया बाजारातून मोठा मासा घेऊन आली आणि आंबवलेल्या दुरियानात त्याचा रस्सा करायला बसली. मी म्हटलं, आज काय विशेष? म्हणाली, करावासा वाटला. दुपारच्या नमाजानंतर अंगणात मोटारसायकल थांबली. सात तास चालवत आला होता. डोक्यावरचं हेल्मेटही काढलं नाही. भुवयांपर्यंत धूळ.

"रस्त्यावरून बघत आलो मी," म्हणाला. "चौदा तर नुसती रस्त्याकडेचीच. आतली किती?"

"आधी बस. पाणी पी."

"आजोबांच्या वडिलांनी लावलेली झाडं, बाबा. मला एक फोन नाही? मी मेलो होतो का?"

"तू तरी कुठे फोन करतोस?"

"केला. आईला विचारा. तिने ठेवून दिला. तेव्हाच समजलो मी."

"बाग माझ्या हातात आहे," मी म्हणालो. माझाही आवाज चढला. "मी काय करायचं ते मी बघीन."

"तुमच्या हातात आहे, तुमची नाही. मोठा मुलगा मी आहे. माझ्यानंतर माझं लेकरू आहे. मला विचारल्याशिवाय तिथली फांदीसुद्धा हलवायची नाही कुणी."

असं तो हेल्मेटमधून बोलत होता. मला राग यायला हवा होता आणि तो येत नव्हता. 

विगाती कोपऱ्यात फीत घेऊन उभी होती. पुढे आली आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. अभ्यास, दुकानातला लाल रंग, आकडे. मर्झुकीने हेल्मेट काढलं. केस सगळे कपाळाला चिकटलेले. आईकडे वळला.

"मग तू फोनवर का नाही सांगितलंस?"

"आवाज तुटत होता," रोहाया म्हणाली आणि त्याच्या ताटात माशाचं डोकं वाढलं. तो तिच्याकडे बघतच राहिला. तिने भात वाढला. मी त्याला सांगितलं की फोन खरंच दाखवायला हवा. त्यावर तो हसू दाबल्यासारखा का खोकला, कळलं नाही. रस्सा तिखट असेल.

जेवण संपता संपता मी सांगून टाकलं. ताट समोर असताना खोटं मला जमत नाही. "विकलेली नाही. पण व्यापारी येऊन गेला, आणि मी नाही म्हटलं नाही."

 विगातीने ते खांबांचं चित्र आणून त्याच्यापुढे ठेवलं. त्याने बराच वेळ पाहिलं. सगळ्यात खुरट्या खांबावर बोट ठेवलं आणि विचारलं, "ही कुठली?"

१४ डिसेंबर

सकाळी तिघे ओढ्याकाठी गेलो. झाडं आता मांडीएवढी जाड आहेत. मर्झुकी एकेकाच्या सालीवरून तळवा फिरवत चालला होता, मोटारसायकलचं इंजिन तापलंय का बघावं तसा.

"ही तामोंगनी लावलेली," विगातीने त्याला कौतुकाने सांगितलं.

मला वाटलं, आता तो बोलेल. तो म्हणाला, "हो. त्यांचीच."

माझ्या पोराने बारा वर्षांनी मला झाकलं. ते काही माझ्याने सोसवेना.

"ते खोडून टाक," मी विगातीला म्हणालो. "मी खोटं सांगितलं होतं. ही याची. चाळीस होती, वीस मी उपटली. एक रानडुकराने नेलं."

मग त्याच्याकडे बघवेना म्हणून ओढ्याकडे बघून म्हणालो, "अंतर माझं बरोबर होतं. पण उपटायला नको होती. बसून सांगायला हवं होतं."

त्याने मान वर करून शेंड्यांकडे पाहिलं. वर कुठेतरी काळ्या माकडांचा घोळका ओरडत होता.

"अंतर बरोबरच होतं, बाबा," म्हणाला. "अजून दाटच आहेत ही. वर बघा ना, एकमेकांच्या डोक्यात डोकी घातलीत."

विगातीने वहीत जुनी ओळ खोडली. नव्याने काय लिहिलं ते दाखवलं नाही.

१६ डिसेंबर

गेला. दुकान किती दिवस बंद ठेवणार. येतो म्हणाला, कधी ते नाही. मीही विचारलं नाही. विचारलं आणि नाही म्हणाला तर काय करू?

२६ डिसेंबर

व्यापारी ठरल्याप्रमाणे आला. मी म्हटलं, "मालक इथे नसतो. तंजुंग करांगला असतो. त्याला विचारा, पण सांभाळून, तापट आहे." जीप मागे फिरली. रोहायाने आतून दोन कप कॉफी आणली. एक मला आणि एक तिला. साखरेवरून बोलली नाही.

१९ जानेवारी

पाच वर्षांनी झाडांनी मनावर घेतलं आहे. शेंडे पंख असलेल्या फळांनी लालसर झालेत. राळेचं झाड असं मध्येच कधीतरी, स्वतःच्या मर्जीने फळतं, आणि बी पडलं की आठवड्याच्या आत मातीत जायला हवं. नाही तर मेलं. मग पुन्हा चार-पाच वर्षं थांबा. पुढच्या खेपेला मी असेन की नाही, कोण जाणे. एकट्याने किती गोळा करणार? वाकलो की गुडघा म्हणतो, आता उठू नकोस.

विगाती म्हणाली, "मी आहे ना." आहे, पण तिचं वर्ष सप्टेंबरात संपेल. रोप तर सावलीत वाफ्यातच तीन-चार वर्षं राहतं, मग बागेत जातं. पुढे कोण बघणार?

रोहायाने मर्झुकीला फोन लावला. "बी धरलंय," एवढंच म्हणाली आणि ठेवला. मी विचारलं, नीट ऐकू गेलं का त्याला? "आज आवाज अगदी स्वच्छ होता," म्हणाली. फोन आपोआप बरा झाला म्हणायचा.

३ फेब्रुवारी

बी पडायला लागलं. वारा आला की हजारो फळं गरगरत खाली येतात. विगाती त्यांच्यातच मान वर करून उभी राहते आणि मोजायचं विसरते.

दिवसभरात दोन टोपल्या झाल्या. निम्मं बी डुकरांच्या पोटात जाणार. मर्झुकीचा पत्ता नाही.

५ फेब्रुवारी

संध्याकाळी टेम्पो आला. पुढे मर्झुकी, सून आणि नात. मागे लोखंडी पेट्या, हवा भरायचा पंप, टायर.

"हे काय?" म्हटलं.

"दुकान," तो म्हणाला. "इथल्या रस्त्यावर मोटारसायकली बिघडत नाहीत का? मी येताना तीन ढकलत नेताना पाहिल्या. सकाळी बाग, दुपारी दुकान."

"सुनेला विचारलंस?"

सून पंप उतरवत होती. "त्यांनी नाही विचारलं," म्हणाली. "मीच सांगितलं. दोन महिने घरात खांबांचं चित्र भिंतीला लावून बसलेत. गिऱ्हाइकालाही तेच दाखवतात."

ते चित्र विगातीनेच त्याला उतरवून दिलं होतं म्हणे. मला कुणी काही सांगत नाही.

१२ फेब्रुवारी

सात दिवस सगळे बागेत. हसबुल्लाही आला, पोरांना घेऊन, बोलावलं नसताना. वाफे मोठ्या दुरियानाच्या सावलीत केलेत. विगातीने मोजलं, अकराशे बिया मातीत गेल्या. मर्झुकीने मला एका लाकडावर बसवून ठेवलं आणि बी निवडायचं काम दिलं. किडकं बी बोटाला कळतं, डोळ्याला नाही. ते मी त्याला शिकवलं. तो शिकला.

१८ फेब्रुवारी

काल शुक्रवारच्या नमाजानंतर वडीलधारे आमच्या ओसरीवर जमले. चटई, पान, हळदीचा भात. सगळ्यांसमोर मी बाग मर्झुकीच्या हाती दिली. माझ्या बापाने मला दिली तेव्हा त्याचा आवाज भरून आला होता, माझा भरून येऊ नये म्हणून मी आधी दोन कप पाणी प्यायलो. उपयोग झाला नाही. हसबुल्ला म्हणाला, "आता मी याच्यावर ओरडत जाईन, तू सुटलास." मर्झुकी खाली मान घालून म्हणाला, "ओरडा काका, पण कॉफी बसून प्या."

रोहाया पडद्याआडून बघत होती. डोळे पुसत होती की मिरच्या वाटत होती, सांगता येत नाही.

२८ फेब्रुवारी

बाग दिली की बाप आपल्याच बागेत पाहुणा होतो. फळ असो की राळेचा खडा, थोरल्याला विचारून घ्यायचं. रीतच आहे. माझ्या बापाने मला विचारलं तेव्हा मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं, आणि मी दर वेळी घाईघाईने, घ्या, घ्या, म्हणायचो.

आज रोहायाला तिखटात घालायला पेताईच्या उग्र वासाच्या शेंगा हव्या होत्या. वळणावरच्या झाडाला हातभर लांब, भरलेल्या शेंगा लोंबत होत्या. खालून हाताला लागतील अशा. मर्झुकी वाफ्याशी उकिडवा बसून सावलीचा झाप सारखा करत होता. मी घसा साफ केला.

"पेताईच्या चार शेंगा घेऊ का?"

"कुठल्या झाडाच्या?"

"वळणावरच्या."

त्याने मान वरसुद्धा केली नाही.

"ते नको, बाबा. त्या मी बियाण्याला ठेवल्यात. पलीकडच्या झाडाच्या घ्या."

मी पलीकडच्या झाडाशी गेलो. त्याच्या शेंगा लहान असतात आणि निम्म्या किडक्या निघतात. चार तोडल्या. परत येताना वाटेत दोनदा थांबावं लागलं, गुडघ्यामुळे नव्हे, हसू आवरेना म्हणून. घरी शेंगा बघून रोहाया म्हणाली, "या कसल्या आणल्यात?"

म्हटलं, "मालकाने याच दिल्या."